मोठ्या मुलांसोबत थीम पार्कचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं लहान असताना थीम पार्कला जायचं म्हणजे बाबागाडी, कपड्यांचे जादा जोड आणि दुपारची झोप यांचं गणित असतं. मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की ते सगळं सुटतं आणि निराळेच प्रश्न पुढे येतात. एकटं सोडायचं का? एकाला भीती वाटते, दुसरा ऐकत नाही, मग काय करायचं? दीड तास रांगेत ताटकळायचं की नाही? खालची उत्तरं साधारण ११ ते १६ वर्षांच्या मुलांचे आईबाबा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

मोठ्या राइडसाठी मुलांचं वय किती असावं लागतं?

राइडच्या दारात वयाला फारशी किंमत नसते, उंचीला असते. वेगवान राइडसाठीची किमान उंची बहुतेक ठिकाणी १२० ते १४० सेंटीमीटरच्या दरम्यान असते. काही राइडना कमाल उंचीचीही अट असते, तेव्हा घरात एखादा ताडमाड वाढलेला मुलगा असेल तर तेही पाहून ठेवा.

ही अट धाडसाची परीक्षा नाही. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून उतरणारा हार्नेस शरीराच्या ठरावीक मापासाठी बनवलेला असतो. शरीर त्याहून लहान असलं की दांडा बसलेला दिसतो, पण पकड नीट घेत नाही. म्हणून जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवण्याची युक्ती करू नका. घरीच बूट काढून, भिंतीला पाठ लावून मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावरची यादी मुलांसोबत बसून वाचा. बारा वर्षांच्या दादाला दोन सेंटीमीटर कमी पडल्यामुळे परत फिरावं लागलं आणि दहा वर्षांची बहीण आत गेली, असं खरंच होतं. ही बातमी त्याला घरी कळलेली बरी, सगळ्या रांगेसमोर नको.

दारातल्या कर्मचाऱ्याशी वाद घालून काही होत नाही. निर्णय त्याच्या हातात नसतो.

दिवसाचा बेत कुणी आखायचा?

मुलांनी. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. या वयाची मुलं नकाशा वाचू शकतात, रांगेच्या वेळा मोबाइलवर पाहू शकतात, आणि आपणच ठरवलेल्या गोष्टीबद्दल कुरकुर करायला फारशी जागा उरत नाही. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने, मोठ्यांनीही, ‘काहीही झालं तरी हव्यातच’ अशा दोन राइड निवडायच्या. चार माणसांच्या घरात आठ नावं येतात, त्यातली दोन-तीन सामाईक निघतात, आणि यादी पाच-सहावर येते. गर्दीच्या दिवशी तेवढ्या राइड झाल्या तरी खूप झाल्या.

तुमच्याकडे चारच गोष्टी ठेवा: पाणी, जेवणाची वेळ, भेटायची जागा आणि घरी निघायची वेळ. त्यांवर चर्चा नाही. बाकी सूत्रं त्यांच्या हाती द्या. पाचला इथे, सव्वापाचला तिथे असं वेळापत्रक करून नेणारे पालक दिसतात. पहिली राइड दुरुस्तीसाठी बंद निघाली की ते कोलमडतं आणि मग वेळापत्रक करणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

कोणत्या दिवशी जाणं चांगलं?

शाळा सुरू असतानाचा कामाचा दिवस, सुट्टी मिळत असेल तर. जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शाळांच्या सहलींचा हंगाम टाळा. ढगाळ हवेचा अंदाज ऐकून बरेच लोक बेत रद्द करतात, त्यामुळे तसा दिवस अनेकदा फार चांगला जातो. तिकीट काढण्याआधी देखभालीसाठी कोणत्या राइड बंद आहेत याची सूचना वाचा. ज्या राइडसाठी मुलगी महिनाभर दिवस मोजते आहे, नेमकी तीच बंद असली तर बाकीच्या वीस राइडनी तिचं समाधान होणार नाही.

रांगा कमी कशा करता येतील?

आधी रांग का वाढते ते पाहू, म्हणजे उपाय आपोआप सुचतात. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ७२० माणसं झाली. त्याच रुळावर दुसरी गाडी लावून दर मिनिटाला सोडली तर १,४४० झाली. म्हणजे डोळ्यांना तेवढीच दिसणारी रांग एका दिवशी अर्ध्या तासाची असते आणि दुसऱ्या दिवशी तासाची. म्हणून रांगेची लांबी पाहू नका. किती गाड्या फिरताहेत आणि दोन गाड्यांमध्ये किती वेळ जातोय ते पाहा. गणिताचा कंटाळा करणारा मुलगाही हा हिशेब आवडीने करतो.

सकाळचा पहिला तास सोन्याचा. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. आत गेल्यावर लोक पहिली दिसेल त्या राइडला चिकटतात, तुम्ही मात्र सरळ पार्कच्या दूरच्या टोकाला असलेल्या मोठ्या राइडकडे जा. तासाला कमी माणसं नेणाऱ्या राइड आधी उरका. उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या, किंवा एका वेळी चौघांनाच बसवणाऱ्या राइडची रांग दुपारी हलता हलत नाही. मोठ्या प्रेक्षागृहातले कार्यक्रम दुपारसाठी राखून ठेवा. तिथे एका वेळी शेकडो लोक आत जातात आणि बसायलाही मिळतं.

मिरवणूक किंवा मोठा कार्यक्रम सुरू असताना राइडच्या रांगा ओसरतात. शेवटच्या तासातही ओसरतात. आणि अनेक ठिकाणी एकट्या प्रवाशांची वेगळी रांग असते: गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की तिथे बसवतात. लहान मुलांबरोबर तिचा उपयोग नसतो, पण मोठी मुलं असतील तर ती वापराच. शेजारी अनोळखी माणूस बसेल, भावंडं वेगवेगळ्या गाड्यांतून जातील, पण वेळ बराच वाचतो. त्या रांगेसाठीही काही ठिकाणी किमान वय ठरलेलं असतं, तेवढं विचारून घ्या.

जादा पैसे भरून रांग टाळायचं तिकीट घ्यावं का?

डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला तेव्हा तो तिकिटातच मिळायचा: ठरलेल्या वेळेला परत या आणि छोट्या रांगेतून आत जा. आता बहुतेक पार्कमध्ये अशा सोयीचे वेगळे पैसे पडतात. माझं मत असं की गर्दीचा दिवस टाळता येत नसेल आणि पार्क घरापासून फार लांब असेल, तर घ्यावं. शांत दिवशी ते वाया जातं. घेण्याआधी त्यात कोणत्या राइड येतात ते नीट वाचा. सगळ्यांना हवी असलेली नवी राइड बऱ्याचदा त्यातून वगळलेली असते.

एकाच मुलासाठी हे तिकीट घेऊन दुसऱ्याला वगळण्याचा विचार मनात आला असेल, तर सोडून द्या.

रोलर कोस्टर खरंच सुरक्षित असतात का?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि आईबाबा मनात ठेवतात. नुसतं ‘हो रे, काही होत नाही’ म्हणून भागवू नका. यंत्र कसं चालतं ते सांगितलं तर धीर जास्त येतो.

न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडला १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी सुरू केलेली राइड ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चालायची. आज अबू धाबीतली ‘फॉर्म्युला रोसा’ ताशी २४० किलोमीटरपर्यंत जाते आणि पुढे बसणाऱ्यांना डोळ्यांवर गॉगल चढवावे लागतात. मधल्या काळात जे शोध लागले त्यांतला सगळ्यात मोठा जॉन मिलर यांचा. त्यांनी रुळाच्या खालच्या बाजूलाही चाकं बसवली आणि १९१९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. तेव्हापासून गाडीला तीन बाजूंनी चाकं असतात: वर भार पेलणारी, बाजूला दिशा धरून ठेवणारी आणि खाली रूळ पकडणारी. गाडी उचलली जाण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ती रुळावर नुसती ठेवलेली नसते, रुळाला कवटाळून असते.

चढणीवर जो कट-कट-कट आवाज येतो, ज्याने अर्ध्या लोकांच्या पोटात गोळा येतो, तो खरं तर धीर देणारा आवाज आहे. गाडीखालचा खटका चढणीवरच्या एकेका दात्यावर पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये, यासाठी ती योजना असते. आणि शेवटी गाडीचा वेग उतरवणारे चुंबकीय ब्रेक अनेक आधुनिक कोस्टरवर विजेशिवाय काम करतात. गाडीची धातूची पट्टी चुंबकांमधून वेगाने गेली की त्या पट्टीतच प्रवाह तयार होतो आणि तोच तिला अडवतो. वीज गेली तरी ब्रेक लागतात. मोठ्या मुलांना हे सांगा. विज्ञानाच्या पुस्तकातलं हे प्रकरण पुन्हा तितकं गंमतीचं वाटणार नाही.

प्रवाशाच्या हातात उरतं ते एवढंच: दांडा पोटाला नाही तर मांडीला घट्ट बसवणं, पाठ आणि डोकं टेकवून बसणं, हातातल्या वस्तू खाली ठेवून येणं, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत न उठणं.

राइड मध्येच थांबली तर?

बहुतेक वेळा ती बिघडून थांबलेली नसते, ठरवून थांबवलेली असते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असते. पुढच्या गाडीला स्थानकावर उशीर झाला, कुणाचा दांडा नीट बसला नाही, कुणी टोपी पाडली, की मागची गाडी आधीच्या भागातच अडवली जाते. म्हणूनच चढणीच्या टोकाला खोळंबलेली गाडी दिसते. बसून राहायचं. उतरवायचीच वेळ आली तर बाजूला जिने असतात आणि कर्मचारी येऊन एकेकाला उतरवतात. स्वतःहून दांड्यातून निसटायचा प्रयत्न करायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

हवेच्या दाबाने किंवा इतर तऱ्हेने गाडीला एकदम वेग देऊन वर फेकणाऱ्या काही कोस्टरवर गाडी क्वचित शिखर गाठत नाही आणि उलटी घरंगळत खाली येते. अमेरिकेतल्या १३९ मीटर उंच ‘किंगडा का’वर असं अधूनमधून व्हायचं. त्यासाठीचे ब्रेक खाली तयारच असायचे, आणि शौकिनांना तर ते दुप्पट राइड मिळाल्यासारखं वाटायचं.

एकाला सगळ्यात उंच राइडवर बसायचंय आणि दुसऱ्याला भीती वाटते. काय करावं?

पहिलं म्हणजे घाबरलेल्याची चेष्टा करू द्यायची नाही. त्यात बाबा, काका आणि मामा यांनाही सूट नाही. ‘एवढा घोडा झालास’ हे वाक्य तेराव्या वर्षी जितकं बोचतं तितकं पाचव्या वर्षी बोचत नाही.

मग नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. भीती एक नसते. कुणाला उंची नको असते, कुणाला उलटं होणं, कुणाला अंधार, कुणाला पोटात खड्डा पडण्याची ती भावना, आणि कुणाला हार्नेसखाली अडकल्यासारखं वाटतं. उलटं होण्याला घाबरणाऱ्या मुलाला वेगवान पण लूप (गाडीला उलटं करणारं रुळाचं उभं वेटोळं) नसलेला कोस्टर मजेत चालतो. उंचीला घाबरणाऱ्या मुलीला अंधारातला बंदिस्त कोस्टर चालतो, कारण खाली काही दिसतच नाही. कोणती राइड ‘सोपी’ हे वेगावरून नव्हे, त्या मुलावरून ठरतं.

उलटं होण्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९५ मध्ये कोनी आयलंडला लूपचा कोस्टर होता, पण तो लूप अगदी गोल होता. त्यात शिरताना एकदम इतका झटका बसायचा की लोकांच्या माना अवघडायच्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ आला तो वेगळा आकार घेऊन: खाली रुंद, वर निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा. या आकारामुळे दाब हळूहळू चढतो आणि उतरतो. आजचे लूप त्याच वळणाचे. पहिल्यांदा बसणारे बहुतेक जण उतरल्यावर म्हणतात की लूप कळलाही नाही, उतारानेच जीव घेतला.

मनोऱ्यावरून खाली पडणाऱ्या राइडबाबतही आकडे कामी येतात. ६० मीटरवरून मोकळं पडायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. भीती ती साडेतीन सेकंदांची नसतेच, वर जाऊन थांबण्याची असते. ती राइड बाहेरून दोनदा पाहा, घड्याळ लावा, उतरणाऱ्यांचे चेहरे बघा.

आणि शेवटचा हक्क मुलाकडे ठेवा: गाडीच्या दारापर्यंत येऊन नको वाटलं तर सरळ पलीकडून बाहेर पडता येतं. कर्मचाऱ्यांना याची सवय असते. हा दरवाजा उघडा आहे हे कळल्यावरच कितीतरी मुलं बसायला तयार होतात. नाही बसली तरी दिवस बिघडत नाही, आपण बिघडवला तरच बिघडतो.

पुढे बसावं की मागे?

पुढे दृश्य, मागे झटका. साखळीने वर चढणाऱ्या कोस्टरवर पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागच्या डब्यांचं वजन अजून चढणीवर असतं, त्यामुळे तो क्षणभर रेंगाळतो. शेवटचा डबा शिखरावर येतो तोवर पुढचे डबे खाली सुटलेले असतात आणि ते त्याला खेचून नेतात. मागे बसलेला माणूस आसनावरून उचलला जातो तो त्यामुळे. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधल्या डब्यात बसवा.

मागच्या आसनांचा एक भलताच उपयोगही नोंदला गेला आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी मूत्रपिंडाची प्रतिकृती बनवून, तिच्यात मुतखडे ठेवून ती एका कोस्टरवरून फिरवली. मागे बसवल्यावर सुमारे ६४ टक्के वेळा खडे पुढे सरकले, पुढे बसवल्यावर सुमारे १७ टक्के. या कामाला २०१८ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. हा वैद्यकीय सल्ला नाही, रांगेत सांगायची गोष्ट आहे.

मळमळ होऊ नये म्हणून काय करावं?

डोळे एक सांगतात आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरंच सांगते, या गोंधळातून मळमळ होते. म्हणून सरळ धावणाऱ्या कोस्टरपेक्षा एकाच जागी गरगर फिरणाऱ्या राइड जास्त त्रास देतात, आणि बसल्या जागी पडद्यावर भरधाव दृश्यं दाखवणाऱ्या राइडही काहींना कोस्टरहून वाईट वाटतात. पडदा सहन होत नसेल तर नजर काही क्षण पडद्याच्या कडेवर किंवा शेजाऱ्यावर वळवायची. बाहेरच्या राइडवर दूरच्या स्थिर गोष्टीकडे पाहायचं.

रिकाम्या पोटी बसू नका, तुडुंब पोटीही नको. गोल फिरणाऱ्या दोन राइड पाठोपाठ नकोत. प्रवासात लागणाऱ्यांसाठी गोळ्या असतात, पण त्या आधी घ्याव्या लागतात, काहींनी झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. एकदा मळमळायला लागलं की सावलीत बसवा, पाणी द्या आणि पुढचा तासभर ‘आता बरं वाटतंय’ या घोषणेवर विश्वास ठेवू नका.

मुलांना पार्कमध्ये एकटं फिरू द्यावं का?

बारा-तेराच्या पुढे, जोडीने, हो. या वयाच्या मुलांसाठी थीम पार्क ही चांगली तालमीची जागा आहे: कुंपण आहे, वाहनं नाहीत, गणवेशातले कर्मचारी जागोजागी आहेत. मात्र पार्कचा स्वतःचा नियम पाहा. किती वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस हवंच, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आणि काही पार्क संध्याकाळी एकट्या किशोरांना आत घेत नाहीत.

सुरुवात एका तासाने करा. भेटायची जागा अशी निवडा की मोबाइल बंद पडला तरी सापडेल. ‘कारंज्याजवळ’ हे पुरत नाही, कारण कारंजी तीन असतात. ‘मोठ्या घड्याळाखालच्या बाकावर’ हे चालेल. वेळ चुकली तर किती मिनिटं थांबायचं, मग काय करायचं, हेही ठरलेलं असू द्या. रांगेत अडकलो म्हणून उशीर झाला हे कारण मान्य करा, पण एकदाच. दुसऱ्या वेळी त्यांना तिथल्या रांगांचा अंदाज आलेला असतो.

मुलांच्या खिशात एका कागदावर तुमचा नंबर असावा. आजकाल तो कुणाच्याच पाठ नसतो. खर्चायचे पैसे सकाळीच हातात द्या आणि पुन्हा विचारू नका. सकाळी अकरालाच ते नेमबाजीच्या खेळात उडवले तरी बोलू नका. दुपारी तेच शहाणे होतात.

जोडी फुटता कामा नये, हा एक नियम मात्र कडक. भांडण झालं तरी भेटायच्या जागेपर्यंत दोघांनी एकत्र यायचं.

मोबाइलचं काय करायचं?

रांगेच्या वेळा, नकाशा, तिकीट, फोटो, सगळं त्यातच असल्यामुळे दुपारी तीनला बॅटरी संपते. पॉवर बँक न्या. राइडवर मोबाइल हातात घेऊन चित्रण करायचं नाही. हातातून सुटलेला मोबाइल त्या वेगात मागच्या डब्यातल्या माणसाच्या तोंडावर आदळतो. अनेक ठिकाणी हातात दिसला तर राइड थांबवतात. रांगेत मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिली तर राहू द्या. तुम्ही तरी काय करत असता?

कपडे, बूट, चष्मा?

पायातून निघणार नाहीत असे बूट. लांब केस बांधलेले. ओढणी, स्कार्फ, लोंबते कानातले, गळ्यातल्या दोऱ्या काढून ठेवा. चष्म्याला मागून पट्टा लावा, तरीही काही राइडवर तो काढायला सांगतात. पाण्याच्या राइडनंतर ओल्या जीन्समध्ये दिवस काढणं ही शिक्षा आहे, म्हणून लवकर वाळणारे कपडे आणि जादा मोजे. मोजे जादाच. त्वचेला लावायचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि भिजल्यावर पुन्हा.

मुलांच्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत न्यावं का?

एकुलत्या एका मुलासाठी जवळपास गरजच. दोन भावंडांमध्ये वयाचं अंतर मोठं असेल तरी नेलेलं बरं. तीन मुलं मात्र अवघड, कारण राइडवर दोघांचीच जागा असते आणि तिसरं कुणीतरी दिवसभर एकटं बसतं. आळीपाळी आधीच ठरवा. दुसऱ्याच्या मुलाला नेताना त्याच्या आईबाबांकडून औषधं, ॲलर्जी, कोणत्या राइडला परवानगी आहे आणि किती पैसे दिले आहेत हे विचारून घ्या.

धाकटं भावंड किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर?

धाकट्यासाठी अनेक पार्कमध्ये आळीपाळीची सोय असते: एक पालक मोठ्या मुलासोबत बसतो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो, आणि मग रांग न लावता अदलाबदल होते. काही ठिकाणी मोठ्या मुलाला दोन्ही वेळा बसता येतं, म्हणजे त्याची चंगळ. दारात विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

आजी-आजोबांना मात्र ‘पिशव्या सांभाळायला’ नेऊ नका. बाग, कार्यक्रम, हळू चालणारी आगगाडी यांत त्यांचा दिवस चांगला जातो, पण चालणं किती होईल याचा अंदाज आधी द्या आणि मध्ये टेकायच्या जागा पाहून ठेवा.

कुणी राइडवर बसू नये?

हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचा किंवा मानेचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण. पाट्यांवर हे लिहिलेलं असतं आणि ते वाचायचं असतं. अपस्माराचा त्रास असेल तर लखलखत्या दिव्यांच्या राइडबाबत डॉक्टरांशी बोला. शरीर भरदार असेल तर बऱ्याच मोठ्या राइडच्या बाहेर नमुन्याचं आसन ठेवलेलं असतं. त्यात गुपचूप बसून पाहता येतं, तासभर रांग लावून सगळ्यांसमोर उठावं लागत नाही. किशोरवयीन मुलांसाठी ही गोष्ट फार मोठी असते.

पाऊस किंवा वारा आला तर?

विजा दिसल्या की उंच राइड बंद होतात, जोराच्या वाऱ्यातही होतात, कारण वाऱ्याने गाडीचा वेग इतका घटू शकतो की ती पुढची टेकडी चढणार नाही. रिमझिम पावसात मात्र अनेक राइड चालू असतात आणि गर्दी पांगलेली असते. रेनकोट असेल तर ती संधी समजा. पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळतं, हा नियम घरूनच वाचून निघा.

आम्हाला स्वतःलाच राइड आवडत नाहीत. आम्ही काय करायचं?

एका राइडवर बसा. मुलांनी निवडलेल्या, त्यातल्या त्यात सौम्य अशा एका. त्यांना तुमच्या किंकाळीत जो आनंद मिळेल तो तुमच्या पिशव्या सांभाळण्यात मिळणार नाही. बाकी वेळ सावलीतली बाक पकडून पुस्तक वाचलंत तरी कुणाची हरकत नसते. मुलं येऊन सांगतील, ते ऐका. ‘मग काय झालं?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

मुलगा सकाळपासूनच तोंड पाडून बसलाय. काय करावं?

काही नाही. खायला द्या. या वयात भूक आणि वैताग यांच्यातला फरक मुलांना स्वतःला कळत नाही. एक कोस्टर झाल्यावर बहुतेकांचा चेहरा उजळतो, आणि त्याकडे लक्ष वेधलं तर पुन्हा पडतो.

राइडवर काढलेला फोटो विकत घ्यावा का?

एक घ्या, सगळ्यात वेडावाकडा. तो निवडायचा अधिकार मुलांचा, आणि तो कुठे टाकायचा याला फोटोतल्या प्रत्येकाची परवानगी.

निघायचं कधी?

बहुतेक पार्कमध्ये बंद व्हायच्या वेळेआधी जो रांगेत शिरला त्याला राइड मिळते. म्हणून आवडत्या राइडच्या रांगेत शेवटच्या दहा मिनिटांत उभं राहणं फायद्याचं असतं. संध्याकाळी गाड्यांची चाकं आणि वंगण तापलेलं असतं, त्यामुळे तोच कोस्टर सकाळपेक्षा थोडा वेगाने धावतो, हे शौकीन लोक आवर्जून सांगतात. पण परतीची गाडी तुम्हीच चालवणार असाल तर शेवटची फेरी मुलांना एकट्यांना करू द्या आणि तेवढ्या वेळात बसून पाय सैल करा. गाडी कोणत्या रांगेत लावली होती त्याचा फोटो सकाळीच काढून ठेवलेला असू द्या.